यादी बघितली गं, आता माझं ऐक

तुझ्या ट्रेनरनं लिहून दिलेल्या यादीचा फोटो काल रात्री बघितला. व्हे प्रोटीन, बीसीएए, ग्लुटामाइन, क्रिएटिन, मल्टिव्हिटॅमिन, ओमेगा थ्री आणि सगळ्यात शेवटी फॅट बर्नर. त्याखाली तुझा प्रश्न, "ताई, हे सगळं घ्यावंच लागतं का?"

नाही लागत. पण यादीकडे वळायच्या आधी मला एक सांग. रविवारी तू यवतेश्वरचा घाट चढून-उतरून सोळा किलोमीटर धावून आलीस, त्यानंतर पोटात काय गेलं? फोनवर तूच म्हणालीस, आल्या आल्या चहा आणि दोन बिस्किटं. मग लेकाची आंघोळ, सासूबाईंचा नाश्ता, मशीन लावणं, कपडे वाळत घालणं, आणि दीड वाजता उभ्या उभ्या पोळी-भाजी. आणि आता बुधवार आला तरी जिना उतरताना कठडा धरावा लागतोय. अगं, तुझे पाय पावडरीचा डबा मागत नाहीयेत, जेवण मागताहेत.

ते दुखणं का होतं ते आधी समजून घे, म्हणजे तुझी निम्मी घाबरगुंडी जाईल. लोक म्हणतात लॅक्टिक अॅसिड साचलं. ते तर धावून थांबल्यावर तासाभरात निघून जातं. तुझं खरं दुखणं घाट उतरतानाचं आहे. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असताना भार झेलतात आणि त्यांच्या तंतूंना अगदी बारीक इजा होते. ही इजा भरून यायला लागते तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त ठणकतं. ते बिघडल्याचं नव्हे, डागडुजी चालू असल्याचं लक्षण आहे. फक्त डागडुजीला विटा लागतात, गवंडी लागतो आणि वेळ लागतो. विटा म्हणजे प्रथिनं, गवंड्याची भाकरी म्हणजे भात-पोळी-केळं, आणि वेळ म्हणजे झोप. तू विटांचं दुकान शोधत फिरतेयस आणि गवंडी उपाशी बसलाय.

मी हे इतक्या ठासून सांगते, कारण मी स्वतः यातून गेलेय. पहिल्या हाफ मॅरेथॉनच्या तयारीत मी अडतीस वर्षांची होते. वजनही उतरावं आणि वेगही वाढावा असं एकाच वेळी मनात होतं. पहाटे धावून आले की पाण्यात दोन चमचे पावडर ढवळून प्यायचे आणि नाश्ता झाला असं धरून ऑफिसला पळायचे. रात्री भाकरी बंद. दोन महिन्यांनी केस मुठीनं गळायला लागले, घरात सगळ्यांवर चिडचिड, आणि पाळी पुढे पुढे जात तिसऱ्या महिन्यात आलीच नाही. मला वाटलं वय झालं. डॉक्टरीण बाईंनी माझं दिवसभराचं खाणं लिहून काढायला लावलं आणि कागद माझ्यासमोर ठेवला. तो वाचून मला रडू आलं. माझ्या लेकीला मी असं एक दिवसही ठेवलं नसतं.

म्हणून बघ, सगळ्यात आधी ही गोष्ट. धावणाऱ्या बाईची पाळी लांबली, थांबली, तर "व्यायामानं होतं असं" म्हणून सोडून द्यायचं नाही. शरीराला खर्चाच्या मानानं अन्न कमी पडलं की ते आधी पाळी बंद करतं, मग हाडं झिजवतं, मग पायाच्या हाडाला बारीक तडे जातात. खेळाडूंमधल्या या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये रेड-एस असं नाव दिलं. ते पुरुषांनाही होतं, पण आपल्याला पाळी ही धोक्याची घंटा मिळालीय, ती ऐकायची. तुझी नियमित आहे ना? मला खरं सांग, लाजू नकोस.

आता हिशेब मांडू या. तुझं वजन ५८ किलो. घरी बसणाऱ्या निरोगी माणसाला आपल्याकडच्या आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं दिवसाला पुरतात, म्हणजे तुला साधारण ४८ ग्रॅम. नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी क्रीडापोषणातले लोक १.४ ते २ ग्रॅम धरतात. तू काही ऑलिंपिकला निघालेली नाहीस, आठवड्यात चार दिवस धावतेस आणि दोन दिवस जिमला जातेस. तुला ८० ते ९० ग्रॅम भरपूर झाले.

एवढे कुठून आणू, म्हणशील. धावून आल्यावर दोन अंडी आणि एक मोठा पेला दूध, हे झाले वीस ग्रॅम, सोबत पोळी किंवा दोन केळी. दुपारी डब्यात मटकीची किंवा चवळीची घट्ट उसळ मोठी वाटीभर, दोन पोळ्या आणि वाटीभर दही, की पुन्हा वीस. हो, उसळ घट्ट हवी. आपण जी पातळ आमटी करतो ना, तिच्यात डाळ कमी आणि पाणी जास्त. चव उत्तम, पण त्या वाटीत चार-पाच ग्रॅमच्या वर काही नसतं. संध्याकाळी ऑफिसातून निघताना मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि मूठभर फुटाणे, बारा-तेरा ग्रॅम. आपल्या शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात गं, आणि आपण त्याला फक्त कुटाचं सामान समजतो. रात्री ज्वारीच्या दोन भाकरी, पिठलं, जोडीला पनीरचे चार तुकडे किंवा सुकट किंवा मासा. झोपताना पेलाभर दूध. बेरीज कर, झाले की नाही ऐंशी-पंच्याऐंशी? आणि प्रत्येक खेपेला वीसेक ग्रॅम वाटून गेले, तेच स्नायूंना हवं असतं. एकदम रात्री डोंगर करून काही उपयोग नाही.

कोल्हापूरकडच्या तालमीत पैलवानांच्या खाण्याला खुराक म्हणतात. दूध, बदामाची थंडाई, तूप, मटण, सगळं मोजून-मापून. त्यांच्याएवढा व्यायाम आपण करत नाही, तेव्हा त्यांच्याएवढं तूप आपल्याला नको. पण एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. तिथं खुराक हा व्यायामाचाच भाग असतो. कुणी पैलवान आखाड्यातून उठून आधी कपडे वाळत घालत नाही. तूही घालू नकोस. रविवारी मशीन दहा वाजता लागलं तरी कपडे वाळतात. घरात सांगून ठेव की धावून आल्यावरचा पहिला तास माझ्या खाण्याचा आहे. पहिल्यांदा जड जाईल, दोन-तीन रविवारांत सगळ्यांना सवय होईल. आमच्याकडे झाली.

आणि ते अर्ध्या तासात शेक घेतला नाही तर सगळी मेहनत वाया, हे ट्रेनरचं वाक्य डोक्यातून काढून टाक. स्नायू काही दुकानाचं शटर नाही. व्यायामानंतर कितीतरी तास ते प्रथिनं घ्यायला तयार असतात, आणि दिवसभरात एकूण किती गेली याला जास्त महत्त्व आहे. तासा-दीड तासात नीट नाश्ता झाला की बास.

मग शेक वाईट का? मुळीच नाही. मीसुद्धा आज एक डबा ठेवते. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधलं की खाली जे पिवळट पाणी ठिबकतं, ते म्हणजे व्हे. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण वीस टक्के त्या प्रकारची असतात, बाकीची ऐंशी टक्के केसिन. कारखान्यात चीज-पनीरचं तसलं पाणी गाळून, आटवून, सुकवून पावडर करतात. म्हणजे ते काही औषध नाही आणि जादूही नाही, दुधाचाच एक भाग आहे. पचायला हलकं, स्नायूंना जे ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल हवं असतं ते त्यात चांगलं, आणि मुख्य म्हणजे सोयीचं. मंगळवारी तू धावून थेट साडेसातची बस धरतेस, तेव्हा अंडी उकडत बसणार आहेस का? त्या दिवशी दुधात एक चमचा पावडर, दोन केळी, चार खजूर घालून फिरव आणि घेऊन जा. असे आठवड्यातले दोन दिवस. एवढ्यापुरता डबा ठेव. जेवणाच्या जागी मात्र कधीच नको.

आणि तो शेकर घरी आल्यावर लगेच धू. माझा एकदा स्कूटरच्या डिकीत दोन दिवस राहिला. उन्हाळ्याचे दिवस. शेवटी टाकूनच द्यावा लागला, आणि डिकीचा वास जायला पंधरा दिवस गेले.

डबा विकत घेताना मात्र डोळे उघडे ठेव. २०२४ मध्ये केरळच्या डॉक्टरांनी पुढाकार घेऊन भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या. त्यातल्या सुमारे ७० टक्के डब्यांवर प्रथिनांचा आकडा चुकीचा होता, काहींत तर लिहिलंय त्याच्या निम्मीच प्रथिनं निघाली. सुमारे १४ टक्क्यांत बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन सापडलं. हे वाचलं तेव्हा मी माझा त्या वेळचा डबा तसाच उचलून ठेवला. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आपल्या आहार-मार्गदर्शनात स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळा असंच सांगितलं. मी त्यांच्याइतकी कडक नाही, पण त्यांनी का सांगितलं ते मला पटतं.

तर लेबल असं वाचायचं. एक चमचा किती ग्रॅमचा आणि त्यात प्रथिनं किती, हे दोन आकडे शोध. ३० ग्रॅमच्या चमच्यात २४ ग्रॅम प्रथिनं म्हणजे ८० टक्के, चांगलं. ३० ग्रॅमात १० ग्रॅमच असतील तर बाकी साखर आणि कोको, तो डबा ठेवून दे. घटकांची यादी लहान हवी. त्यात ग्लायसिन, टॉरिन असली नावं सुटी सुटी दिसली तर सावध हो. प्रयोगशाळेत प्रथिनं सहसा थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ नं गुणतात. मग काही लबाड लोक स्वस्तातली अमिनो आम्लं घालून नायट्रोजन वाढवतात. आकडा फुगतो, पण तुझ्या स्नायूंच्या वाट्याला काही येत नाही. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक बघ, बॅच आणि तारीख बघ, झाकणाखालचं सील बघ. ओळखीतल्या कुणाचा "इंपोर्टेड, बिलाशिवाय, निम्म्या किमतीत" असा डबा अजिबात घ्यायचा नाही. साध्या पावडरीनं पोट फुगलं तर? मग आयसोलेट असं लिहिलेला घे, त्यात दुधातली साखर नावापुरती असते.

हे तुझ्या नणंदेच्या बाबतीत तर दुप्पट लागू आहे. ती राज्य पातळीवर कबड्डी खेळते, तिची उत्तेजक चाचणी होऊ शकते. शरीरात बंदी असलेलं काही सापडलं तर "मला माहीत नव्हतं, डब्यात होतं" हे कारण चालत नाही, जबाबदारी खेळाडूची. तिला तुझ्या डब्यातलं सहज म्हणून काही देऊ नकोस. घ्यायचंच असेल तर जिची प्रत्येक बॅच तपासली जाते अशी, म्हणजे इन्फॉर्म्ड स्पोर्टसारखं चिन्ह असलेली पावडर, आणि तीही तिच्या प्रशिक्षकांना विचारून.

आता यादीतलं बाकीचं, पटापट.

बीसीएए म्हणजे तीन अमिनो आम्लं. स्नायू बांधायला नऊच्या नऊ आवश्यक आम्लं लागतात आणि ती तुझ्या दुधात, अंड्यात आहेतच. तीन खिडक्या विकत आणून घर उभं राहत नाही. खोड. ग्लुटामाइन शरीर स्वतः तयार करतं. खोड. ओमेगा थ्रीच्या गोळीऐवजी आठवड्यातून दोनदा बांगडा नाहीतर तारली, तू मासे खातेस म्हणून सोपं आहे. जवसाची चटणीही खा, पण तिच्यातल्या ओमेगाचा अगदी थोडा भाग शरीर माशातल्यासारखा करून घेऊ शकतं.

फॅट बर्नर तर मी म्हणते तो कागदच त्या ओळीपाशी फाडून टाक. खरं सांगू का, यादीतली हीच एक ओळ वाचून मला राग आला. त्यात बहुतेक वेळा भरमसाट कॅफिन असतं, आणि असल्या पावडरींत न लिहिलेली उत्तेजकंही सापडलेली आहेत. छाती धडधडते, झोप उडते. आणि झोप उडाली की डागडुजी बंद. ज्या मुलीचं वजन व्यवस्थित आहे, जी घाट धावत चढते, तिला हे कुणी का द्यावं?

क्रिएटिनचं वेगळं आहे. ज्यांच्यामागे खरोखर चांगला अभ्यास आहे अशा मोजक्या चार-पाच पूरकांतलं ते एक. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, दिवसाला ३ ते ५ ग्रॅम. वजनं उचलायला, छोट्या जोरकस व्यायामाला मदत होते. लांब पल्ल्याच्या धावण्याला थेट फायदा फारसा नाही आणि सुरुवातीला स्नायूंत पाणी धरल्यानं किलोभर वजन वाढू शकतं, घाट चढताना ते तुलाच वाहायचंय. म्हणून तुझी हाफ मॅरेथॉन होईपर्यंत नको. पुढं जिम वाढवलंस की बघू. तेव्हा घेतलंस आणि रक्त तपासलंस तर डॉक्टरांना आठवणीनं सांग, कारण त्यानं क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर दिसतो आणि उगाच किडनीची धास्ती बसते. जिला किडनीचा त्रास आहे किंवा जी गरोदर आहे, तिनं मात्र यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातात घ्यायचं नाही.

मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीचे पैसे साठव आणि त्यात रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-ट्वेल्व्ह, व्हिटॅमिन डी. आपल्या बायकांचा थकवा पुष्कळदा इथं सापडतो. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाला १९ पुरतं, आणि घरात शेवटचं उरलेलं खाणारी कोण असते ते मी तुला सांगायला नको. हिमोग्लोबिन ठीक दिसूनही फेरिटिन, म्हणजे साठा, रिकामा असू शकतो, म्हणून दोन्ही तपासायचं. कमी निघालं तर डॉक्टर देतील तेवढीच गोळी, तेवढेच दिवस. ती चहासोबत घेऊ नकोस. मी सहा महिने सकाळच्या चहाबरोबर घेत होते आणि आकडा जागचा हलत नव्हता. चहा लोह शोषू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर घे, दुधापासून आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब.

आणखी एक, हे यादीत नाही पण तुझ्या पर्समध्ये आहे, मला माहितीय. धावायच्या आधी "दुखू नये म्हणून" घेतलेली वेदनाशामक गोळी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, कुठलीही. लांब धावताना अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, त्यात या गोळ्या किडनीवर ताण आणतात. ती सवय आजपासून बंद. आणि पाणीही नुसतं ढोसायचं नाही. दीड-दोन तास घाम गाळल्यावर मीठ गेलेलं असतं. लिटरभर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ, वर लिंबू. बाजारातल्या रंगीत बाटलीची गरज नाही. घरी आल्यावर मीठ-जिरं घातलेलं ताक घे, त्याहून चांगलं मला तरी काही सापडलेलं नाही.

झोपेचं मात्र मी गोडीनं सांगणार नाही, दटावूनच सांगणार. अकरा वाजता ओटा आवरून साडेचारला उठणं हे आठवड्यातून चार दिवस चालणार नाही. साडेपाच तासांत कुठलेच स्नायू भरून येत नाहीत, त्यावर कितीही डबे रिकामे कर. धावायच्या आदल्या रात्री भांडी तुझ्या नवऱ्यानं घासायची. त्याला माझं नाव सांग. तो तुझ्या मेडलचा फोटो आधी टाकतो ना सगळीकडे? मग भांडीही घासेल.

तू एवढं सगळं सांभाळून पहाटे घाटात जातेस, याचं मला किती कौतुक आहे हे मी तुला पुरेसं सांगत नाही. सोळा झालेत, एकवीस होणारच. तुला जमत नाहीये असं जे तुला वाटलं, ते पायांचं म्हणणं होतं, तुझं नव्हे.

आता एवढंच कर. आज रात्री झोपायच्या आधी दोन वाट्या मटकी भिजत घाल, उद्या फडक्यात बांध, परवा उसळ. शनिवारी सहा अंडी उकडून फ्रिजमध्ये ठेव आणि दुधाची एक पिशवी जास्त सांग. ट्रेनरला नम्रपणे म्हण, "सर, महिनाभर मी जेवण सुधारते, मग यादीचं बघू." आणि रविवारी धावून आलीस की आंघोळीच्याही आधी बसून खा. मी साडेनवाला फोन करणार आहे, तोंडात घास असला तरी उचल.